बिनटोकनचा बूट

एक

दुरुस्तीच्या फळीवर अकरा पादत्राणं होती आणि टोकनं दहा.

टाचेबाईंनी बोट लावून पुन्हा मोजलं. तीस वर्षं टाचा ठोकणाऱ्या बाईच्या फळीवर बिनटोकनचा बूट म्हणजे हजेरीत नाव नसलेलं पोर वर्गात येऊन बसावं तसं. पद्धत साधी होती. दुरुस्तीचा बूट घेऊन कुणी आलं की दारावरचा गार्ड पत्र्याचं टोकन बुटाला बांधायचा आणि त्याचं जुळं टोकन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. टोकनाशिवाय जुना बूट आत येत नसे आणि बाहेरही जात नसे.

हा बूट बायकी होता, तपकिरी, डाव्या पायाचा. तळवा दोन बोटं उंच केलेला. बाईंनी तो उलटा केला आणि त्यांना ओळख पटली. तळव्याचे ते थर त्यांनीच एकावर एक चिकटवले होते. बूट कुलूपवाल्या काकांच्या बायकोचा. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. वर्षातून एकदा काका तेवढा एक बूट पिशवीत घालून यायचे आणि म्हणायचे, "बाई, आमच्या घरची जमीन परत तिरकी झाली बघा."

काल काका आले नव्हते. निदान बाईंच्या टेबलापर्यंत तरी नाही. बूट मात्र आला होता.

"टाचेबाई, फळी राहू द्या," मागून मॅनेजर म्हणाला. "शटर आज अर्धंच वर राहील. फौजदार आलेत. काल दुपारी तो चोर जिन्यावरून पडला ना, म्हातारा? संध्याकाळी हॉस्पिटलात मेला."

"कोण होता हो?"

"कुणी कुलूपवाला होता म्हणे."

दोन

दुकान नुसतं बुटांचं होतं आणि मांडणीवर फक्त डावे बूट. उजवे मागच्या कोठारात, खोक्यांत, कुलपाखाली. एकटा बूट चोरून कोण काय करणार? "डावा गिऱ्हाइकाचा, उजवा माझा," असं मॅनेजर कमरेची किल्ली खुळखुळवत म्हणायचा. कुणाला जोडी घालून बघायची असेल तर कोठार तो स्वतः उघडायचा. बावीस वर्षांत ती किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. एकदा तापाने फणफणलेला असतानाही रिक्षा करून आला, कुलूप उघडलं आणि कण्हत घरी गेला.

बाईंचं टेबल कोठाराच्या वाटेवर होतं, चेकिंगच्या खोलीला पाठ लावून. भिंत एकच. खोलीचं दार बाहेरून उघडायचं. आतल्या बाजूला मूठ नव्हती, काढून टाकलेली. संशयित माणसाला तिथे बसवून ठेवत.

आज विक्रेत्या मुलींना सुट्टी दिलेली. शटरच्या आत पाचच माणसं उरली. बाई, मॅनेजर, फौजदार आणि दोन गार्ड. त्यातला एक पैलवान. जन्मात आखाड्याची पायरी चढला नव्हता, पण खांदे असे की आपोआप ते नाव पडलं. दुसरा बाईंचा जावई. त्याची नोकरी बाईंनीच शब्द टाकून लावली होती. अंगाने काटकुळा, पायाने चपळ, छातीवर पितळी गरुड. महिन्यात सगळ्यांत जास्त चोर पकडेल त्याला मॅनेजर तो गरुड लावायचा. सलग तीन महिने लागला की नोकरी पक्की. जावयाचे दोन महिने झाले होते. तिसरा परवा संपणार होता.

बाईंचा फोन वाजला. लेक.

"आई, हे पोचले का गं? डबा विसरून गेले."

"पोचले. तुझे पाय कसे आहेत?"

"भोपळे झालेत नुसते. तू केलेल्या सपाता घालूनच वावरतेय. आई, यांचं काही बिनसलंय का? काल आल्यापासून गॅलरीत बसून बूट घासत होते. पॉलिशची अख्खी डबी संपवली. जेवले पण नाहीत."

"कामाचा ताण असेल."

"सातवा महिना मला, आणि ताण यांना!" ती हसली.

"फोन बंद," फौजदार लांबून म्हणाले. "माझं काम होईपर्यंत शटरखालून कुणी वाकायचं नाही."

जावई बुटाची टाच फटक फटक वाजवत टेबलाशी आला. "आई, काल तुम्ही काही पाहिलं नाही ना?"

"मी काय बघणार जावईबापू? मी भिंतीकडे पाठ करून बसते."

"मग झालं," तो म्हणाला. सुटल्यासारखा.

बाईंच्या काळजात मात्र तिथूनच काहीतरी टोचायला लागलं.

तीन

जबाब दुकानाच्या मधोमध झाले, बूट घालून बघायच्या बाकावर. त्या बाकासमोर एक ठेंगणा तिरपा आरसा असतो, त्यात फक्त पाय दिसतात. बाईंना टेबलावरून माणसं दिसत नव्हती. आरसा दिसत होता. म्हणून हे जबाब बुटांनीच दिले म्हणायचे.

टोकदार काळे बूट (मॅनेजर): "पिशवीत नवी जोडी सापडली. विचारलं तर पळाला. जिन्यावरून घसरला. डोकं आपटलं. आम्ही लगेच गाडी बोलावली."

चकचकीत बूट, आठ नंबर (जावई): "पिशवीत नवी जोडी सापडली. विचारलं तर पळाला. जिन्यावरून घसरला. डोकं आपटलं. आम्ही लगेच गाडी बोलावली."

पॉलिश थापलेले बूट, आठ नंबर (पैलवान): "पिशवीत नवी जोडी सापडली. विचारलं तर पळाला. जिन्यावरून... जिन्यावरून..."

"घसरला," टोकदार बूट लांबून म्हणाले.

"हां. घसरला."

"कविता पाठ केल्यासारखं बोलू नकोस रे," फौजदार म्हणाले. "आणि पाय का चाळवतोयस?"

आरशात एक टाच बुटातून बाहेर आली आणि दुसऱ्या पायावर घासली. "बूट चावतोय साहेब. सकाळपासून. काल नव्हता चावत."

"इथे बूट चावतात आणि जिने माणसं मारतात. भारीच दुकान आहे."

बाईंनी तो बिनटोकनचा बूट हळूच ॲप्रनच्या खिशात सरकवला.

चार

हे प्रकरण चेकिंगच्या खोलीत घडलं. त्या दाराला आतून मूठ नाही, म्हणून ते अजून बाहेर आलेलं नाही.

पाच

"आता माझं ऐका," फौजदारांनी डायरी मिटली. "डॉक्टरांचं म्हणणं असं. डोक्याला नुसतं खरचटलंय. मेला तो पाठीवरच्या दाबाने. माणूस पालथा, आणि वर कुणाचा तरी गुडघा, तीन-चार मिनिटं. चार बरगड्या गेल्या. मी बरेच जिने पाहिलेत. गुडघा असलेला एकही नव्हता."

मॅनेजरचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"दोन गार्ड आहेत. त्यातला एक आज माझ्या जीपमधून जाणार. कोण ते तुम्ही सांगता की मी शोधू?"

बाईंनी हातोडीचा दांडा घट्ट धरला. मनात एकच: माझा नको. देवा, कुणीही चालेल, माझा नको. सातव्या महिन्यात पोरीला काय सांगू?

मॅनेजरने घसा साफ केला. "आता तसं बघायला गेलं, तर साहेब... वजन कुणाचं आहे ते दिसतंच आहे की."

"मी?" पैलवान उभा राहिला. "अहो, मी तर दार धरून उभा होतो!"

"दार?" फौजदार म्हणाले. "जिन्याला दार असतं?"

पैलवानाने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

जावई पुढे झाला. खाली मान घालून, अगदी हळू म्हणाला, "साहेब, आता लपवण्यात अर्थ नाही. खोलीतच झालं. पैलवान होता वर. मी ओढायला गेलो, पण मला हलवता येतंय का ते धूड?"

"अरे!" पैलवान म्हणाला. एवढंच. मोठ्या माणसाचा लहान आवाज.

बाईंचा श्वास मोकळा झाला. आणि मोकळा झाला म्हणून त्यांनाच लाज वाटली.

शटरच्या खालच्या मोकळ्या पट्टीतून पायरी दिसत होती. पायरीवर दोन पाय. उजव्यात तपकिरी बूट. डाव्यात रबरी चप्पल, आणि चपलेखाली घडी घालून दोरीने बांधलेलं फडकं, दोन बोटं जाड.

"ती बाई सकाळपासून बसलीय," फौजदार म्हणाले. "म्हणते, आधी यांच्या नावावरचा चोर शब्द खोडा. तोवर मी मयत ताब्यात घेणार नाही."

सहा

टाचेबाई उठल्या. गुडघे कटकन वाजले.

"साहेब, पिशवीत सापडलेली ती जोडी बघू जरा?"

"टाचेबाई, तुमचं इथे काही काम नाही," मॅनेजर म्हणाला.

"बुटांचं आहे ना? मग माझंच आहे."

फौजदारांनी जोडी पुढे केली. लाल, नवीकोरी, सहा नंबर, सपाट तळव्याची.

"जोडी आहे ना ही? डावा आणि उजवा?"

"जोडी म्हटल्यावर दोन्ही असणारच की हो."

"तेच तर. आता तुम्ही एवढं करा. या अख्ख्या दुकानात फिरा आणि मांडणीवरचा एक उजवा बूट मला आणून द्या. एकच."

फौजदार उठले. मांडणीच्या रांगेतून फिरले. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. वरच्या मजल्यावर गेले, खाली आले. त्यांना उजव्या पायाच्या करंगळीला कुरूप असावं, हे चालीवरून बाईंच्या लक्षात आलं. पण आज ते काम नव्हतं.

"सगळे डावे आहेत," ते म्हणाले.

"आणि उजवे त्या कोठारात. किल्ली यांच्या कमरेला. बावीस वर्षं झाली. कालही काढून ठेवली नसेल, हो की नाही मॅनेजरसाहेब?"

मॅनेजर बाकावर बसला.

"म्हणजे काका चोर असते तर पिशवीत एकटा डावा मिळायला हवा होता. या पैलवानाने टाकला असता तर त्यानेही हाताशी आलेला डावा टाकला असता. पण तुम्हाला ते जमलं नसतं. मी बघते ना रोज. एकटा बूट जमिनीवर दिसला तरी तुम्ही त्याचा जोडीदार शोधून आणता. जोडी मोडलेली तुम्हाला बघवतच नाही. कोठारात गेलात, खोकं काढलंत, छान जोडी लावून पिशवीत ठेवलीत. चोरीसुद्धा नीटनेटकी."

"बाई, विचार करून बोला."

"करूनच बोलतेय." बाईंनी खिशातून तपकिरी बूट काढला. "पिशवीत खरं हे होतं. बाहेर ती बाई बसलीय, तिचा हा डावा. तळव्याचे थर माझ्या हातचे आहेत. तिला ही सपाट लाल जोडी घालून दोन पावलं चालता येणार नाहीत. नवरा तिच्यासाठी ती कशाला चोरेल? हा बूट लपवायचा कुठे, तर बुटांच्या फळीवर. अक्कल चांगली चालवलीत. फक्त टोकन राहिलं. टोकन गार्ड बांधतात. तुम्ही आयुष्यात कधी बांधलं नाहीत, म्हणून आठवलंच नाही."

"मी कुणाला बोट लावलं नाही!" मॅनेजर ओरडला. "मी आलो तेव्हा तो पडलेलाच होता. पिशवी उघडली तर आत हे जुनं खेटर. काय करणार होतो मी? दुकान वाचवलं, बस."

"मग काकांच्या बुटाला आधीच टोकन का नव्हतं?" फौजदारांनी विचारलं.

बाईंना हा प्रश्न नको होता. कारण उत्तर माहीत होतं. दुपारच्या पाळीला टोकनाच्या टेबलावर कोण असतं ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं.

फौजदारांनी तक्ता वाचला. मग जावयाकडे पाहिलं.

"चहाला गेलो होतो," जावई म्हणाला. "पाचच मिनिटं."

पाच मिनिटं दारावर कुणी नव्हतं. काका आत आले. पिशवीतून बूट काढून मांडणीवरच्या टाचांशी उंची ताडून बघत होते, जुनी खोड. बूट परत पिशवीत ठेवताना जावयाने पाहिलं. पिशवीत बूट, टोकन नाही. परवा महिना संपणार.

"चोरी नव्हती हे कळलं," फौजदार म्हणाले. "आता गुडघा कुणाचा, ते."

सात

दोघे एकमेकांवर बोट दाखवत होते. साक्षीला फक्त मॅनेजर, आणि तो तर उशिरा आलेला.

"बूट बघा साहेब," बाई म्हणाल्या. बोलल्या आणि वाटलं, आपण कशाला बोललो? पण हात तीस वर्षांचा, तो मालकिणीला विचारत नाही. "गार्ड दिवसभर उभा असतो. त्याचा बूट टाचेला झिजतो. गुडघे टेकले की पाय मागे जातो, आणि बुटाचं टोक जमिनीवर घासतं. आपली फरशी गुळगुळीत आहे, तिच्यावर काही होत नाही. पण त्या खोलीत फरशी नाही, खडबडीत सिमेंट आहे. तीन-चार मिनिटं खालचा माणूस धडपडत असला, तर टोकाचं कातडं सोललंच पाहिजे."

"दोघेही आरशासमोर या," फौजदार म्हणाले.

जावयाच्या बुटांची टोकं लखलखत होती. पैलवानाचे दोन्ही बूट टोकाला सोललेले. वर पॉलिशचा लपका, आत पांढुरकं कातडं, शिवणीत सिमेंटची भुकटी.

जावई गुणगुणल्यासारखा श्वास सोडत होता.

"बाई," पैलवान स्वतःच्या पायांकडे परक्यासारखं बघत म्हणाला, "आईशप्पथ सांगतो, हे कसं झालं मला ठाऊक नाही. मी नव्हतो बाई. तुम्ही तरी..."

फौजदारांनी बेड्या काढल्या.

इथे गोष्ट संपवता आली असती. बाईंना नुसतं जागेवर जाऊन बसायचं होतं.

पैलवान खाली बसला. बेड्या पडणारच आहेत तर निदान पाय तरी सुटू दे, म्हणून त्याने बूट काढले आणि "हाश्श" केलं. दोन्ही करंगळ्यांवर ताजे फोड. बाईंची नजर फोडांवर गेली.

याचे पंजे रुंद. म्हणून दोन महिन्यांपूर्वी याचे बूट आपण दोन दिवस लाकडी साच्यावर ताणून दिले होते. ताणलेला बूट एका रात्रीत आकसत नाही. आणि जावयाचा पाय अरुंद. त्याची टाच सकाळपासून फटक फटक वाजतेय.

*पॉलिशची अख्खी डबी संपवली. जेवले पण नाहीत.*

बाई वाकल्या. पैलवानाने काढलेला उजवा बूट उचलला, आतली जीभ उलटी केली. सात टाके. तांबड्या दोऱ्याचे.

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. शटर अर्धं खाली होतं. मागे भिंत, पुढे मांडणी. डावीकडे जावई, आणि उजवीकडे, तिथे नसलेली, सुजल्या पायांची लेक. चहूकडे दारं होती, पण कुठल्याच दाराला आपल्या बाजूने मूठ नव्हती. हा बूट खाली ठेवला तर एक निरपराध माणूस आत जाणार. दाखवला तर नातवाचा बाप. शटरच्या पट्टीत फडकं बांधलेला पाय अवघडून जरासा सरकला.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "बूट काढा."

"आई..."

"काढा."

"आई, तिचा विचार करा. बाळाचा करा."

"तोच करतेय. बूट काढा."

बाईंनी चारही बूट बाकावर मांडले. "दुकानातल्या बुटांना मी काळा दोरा वापरते, साहेब. हा तांबडा घरचा. मेण लावून वेगळा ठेवते, घरच्या माणसांपुरता. गेल्या महिन्यात जावयाच्या बुटाची जीभ उसवली, तेव्हा घातलेले टाके आहेत. दोघांचा नंबर आठ, दोघांचे बूट दुकानाचेच, बघणाऱ्याला सारखेच. पैलवान आपले बूट रात्री इथेच कपाटात ठेवतो. यांनी काल घरी नेले, घासघास घासले. पण सोललेलं कातडं पॉलिशने भरत नाही. म्हणून आज लवकर येऊन बदलले, आणि पैलवानाचे चकचकीत करून स्वतः घातले."

फौजदारांनी चारही बूट उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाले, "हा तुमचा कोण, म्हणालात?"

"जावई. एकुलत्या लेकीचा नवरा."

"सासू काय काम करते तेवढं विसरलास रे," फौजदार जावयाला म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती.

चार

आता हे प्रकरण बाहेर येऊ शकतं. पैलवानाने सांगितलं, तसं.

काकांना खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं. काका आतून म्हणाले, "अहो, टाचेबाईंना विचारा ना, त्या पलीकडेच बसतात." जावई म्हणाला, "चोराला सगळे ओळखीचेच असतात." मग दोघे गार्ड मॅनेजरची वाट बघत बाहेर उभे राहिले. आत काहीतरी खुटखुट चाललं होतं.

दोन मिनिटांनी दार उघडलं. आतून.

काका दारात उभे होते. हातात केसांचा आकडा, बायकोचाच असावा, आणि चेहऱ्यावर आपलं काम जमल्याचं हसू. चाळीस वर्षं कुलपं उघडलेला माणूस. "पोरांनो," ते म्हणाले, "मूठ काढली म्हणजे दार बंद होत नाही. हे कुलूप ढिलं आहे. म्हणाल तर नीट करून देतो."

पैलवानाला हसू आलं. तो खरंच हसला, मोठ्याने. तेच वाईट झालं. कारण जावयाला वाटलं, आपल्यालाच हसतायत. गरुड लावलेल्या माणसाला एका म्हाताऱ्याने आकड्याने हरवलं.

त्याने काकांना आत लोटलं, पालथं पाडलं, पाठीवर गुडघे रोवले. "पळतोस? पळतोस?" पैलवान दार धरून उभा राहिला. "सोड रे, म्हातारा आहे," असं एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही. त्यालाही आपली नोकरी दिसत होती. काका सुरुवातीला भिंतीवर हाताने ठोकत होते. ठक ठक, मध्ये थांबून ठक. टेबलाच्या बाजूच्या भिंतीवर. मग ठोकायचे थांबले.

आठ

"झालं?" फौजदारांनी लेखणीला टोपण लावलं.

"नाही," टाचेबाई म्हणाल्या. "माझा जबाब राहिलाय."

"तुमचा? तुम्ही तर पाठमोऱ्या होतात."

"कानांना पाठ नसते साहेब." त्या टेबलाशी गेल्या, हातोडी घेऊन आल्या आणि बुटांच्या शेजारी ठेवली. "लिहा. त्या खोलीतून धडपड ऐकू यायला लागली की मी हातोडी जोरात मारते. काल नाही, कायमच. खिळा बसला तरी मारत राहते. काल भिंतीवर कुणीतरी ठोकत होतं. मला वाटलं, चोर आहे, ठोकू दे. मी त्याच्यापेक्षा जोरात ठोकलं. तो थांबला, तेव्हा मी थांबले. असंच लिहा, शब्द बदलू नका."

फौजदारांनी लिहिलं. बाईंनी सही केली.

जावई अनवाणी उभा होता. चारही बूट पुराव्यात गेले होते. बाईंनी फळीखालून आपल्या जुन्या चपला काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याने वर पाहिलं नाही, पण पाय घातले. छातीवरचा गरुड कुणी काढला नाही. तो तसाच लटकत शटरखालून बाहेर गेला. त्याच्यामागे मॅनेजर. कमरेची किल्ली काढून द्यायची होती, पण कुणाला द्यायची हे न कळून ती त्याने बाकावर ठेवली. त्यांच्यामागे पैलवान, स्वतःच्या पायांनी, बेडीशिवाय. पण त्यालाही जबाबाला जायचंच होतं. एकदाच "सोड" म्हणालेल्या माणसाचा जबाब लांबलचक असतो.

शटर पूर्ण वर गेलं. इतका उजेड आला की मांडणीवरचे सगळे डावे बूट एकदम उघडे पडल्यासारखे दिसले.

काकू अजून पायरीवरच होत्या.

"खोडला, काकू," बाई म्हणाल्या. "चोर हा शब्द साहेबांनी माझ्यासमोर खोडला."

काकूंनी मान हलवली. रडल्या नाहीत. साहेबांनी नोंद करून बाईंच्या हाती परत दिलेल्या बुटाकडे बघत म्हणाल्या, "याचा एक थर सुटला होता. मी म्हणत होते, पुढच्या आठवड्यात जा. ऐकलं नाही. म्हणे, तू लंगडतेस ते मला बघवत नाही."

"बसा जरा. आत्ता करून देते."

"तुमच्या जावयाने केलं ना हे? ते साहेब म्हणाले."

"हो."

काकूंनी बाईंकडे पाहिलं. जाब विचारतील, शिव्या देतील, थुंकतील म्हणून बाई तयार होत्या. काकू म्हणाल्या, "थर नीट बसवा. आज बरंच चालायचंय."

बाईंनी थर घासला, चिकटवला, दोन खिळे ठोकले. हातोडी पुराव्यात गेलेली होती, म्हणून दगडाने. हळूहळू, एका ठोक्यानंतर थांबून, कान देत. मग डब्यातून एक टोकन काढून बुटाला बांधलं आणि त्याचं जुळं काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते घेतलं, आणि लगेच परत करून बूट घेतला. पद्धत म्हणजे पद्धत. फडकं सोडून त्यांनी बूट चढवला, उभ्या राहिल्या आणि सरळ चालत रस्त्याला लागल्या.

फोन वाजत होता. बाईंनी तो तीनदा वाजून बंद होऊ दिला. चौथ्यांदा उचलला.

"आई, यांचा फोन लागत नाही गं. तिथेच आहेत ना? डबा पाठवू का कुणाबरोबर?"

"नको. मी येतेय घरी."

"आत्ता? दुकान?"

"ऐक. मी दारात येऊन उभी राहीन आणि बाहेरूनच सगळं सांगेन. सगळं ऐकून घे आधी. मग मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव."

"आई, काय झालंय?"

"दाराला आतून कडी लावून ठेव," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाजूने असू दे."